तीस वर्षांनंतरचा आजार आणि आज संध्याकाळची भूक

चौदा वर्षांच्या मुलाला सांगून बघा, ‘असंच खात राहिलास तर चाळिशीत मधुमेह होईल.’ तो मान डोलावेल आणि संध्याकाळी वेफर्सचं पाकीट फोडेल. त्याला तुमचं म्हणणं समजलेलं असतं. फळं-भाज्या चांगल्या, कोल्ड्रिंक वाईट, रोज खेळावं, फार वेळ बसून राहू नये, हे त्याला पाठ असतं. परीक्षेत हा प्रश्न आला तर पैकीच्या पैकी गुण मिळवेल. तरीही आपण तेच ते पुन्हा सांगत राहतो, कारण माहिती दिली की वागणं बदलेल असं आपल्याला मनापासून वाटतं. बदलत नाही. का बदलत नाही आणि मग काय केलं तर बदलतं, यावर गेल्या काही दशकांत बरंच काम झालं आहे. आई-वडिलांनी आणि शिक्षकांनी ते समजून घेतलं तर घरातले निम्मे वाद मिटतील, असं मला वाटतं.

आधी गरज किती आहे ते पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम किंवा जोरकस हालचाल करावी. मध्यम म्हणजे श्वास वाढतो, बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही. जोरकस म्हणजे चार शब्द बोलले की दम घ्यावा लागतो. आठवड्यातून किमान ३ दिवस जोरकस व्यायाम हवा आणि स्नायू-हाडांना ताण देणारा व्यायामही हवा. यातला ‘सरासरी’ हा शब्द नीट वाचा. २०१० च्या शिफारशीत ‘रोज किमान ६० मिनिटं’ असं होतं. नव्या शिफारशीनुसार परीक्षेच्या दिवशी वीसच मिनिटं मिळाली आणि रविवारी दोन तास खेळणं झालं, तर काही बिघडत नाही. ही ६० मिनिटं सलगच असायला हवीत असंही नाही. शाळेत चालत जाणं, मधल्या सुट्टीतली पळापळ, संध्याकाळचा खेळ, सगळं मिळून हिशेब होतो.

प्रत्यक्षात काय दिसतं? १४६ देशांतल्या ११ ते १७ वर्षांच्या शाळकरी मुलांची माहिती एकत्र करून केलेल्या अभ्यासात २०१६ साली ८१ टक्के मुलं या मापात कमी पडत होती. मुलग्यांमध्ये हे प्रमाण ७८ टक्के होतं, मुलींमध्ये ८५. पाचांतली चार मुलं आळशी निघाली, असं कुणी म्हणालं तर मी ते मानणार नाही. इतक्या देशांतल्या मुलांचा स्वभाव एकदम बिघडत नाही. त्यांच्या भोवतीचं जग बदललं आहे: अंतरं वाढली, रस्ते वाहनांनी भरले, मैदानं आकसली आणि बसल्या जागी रमवणारी साधनं हातात आली.

हे वय वाया जाऊ नये, याचं एक कारण फारसं कुणी सांगत नाही. ते म्हणजे हाडं. उंची सर्वांत वेगानं वाढते त्याच्या आगेमागे साधारण दोन वर्षांचा एक काळ असतो. मुलींमध्ये तो बारा-साडेबाराच्या सुमारास येतो, मुलग्यांमध्ये चौदाच्या आसपास. कॅनडात सस्कॅचवानमध्ये मुलांची वर्षानुवर्षं मोजणी करणाऱ्या संशोधकांना आढळलं, की प्रौढपणी अंगात हाडांचं जेवढं खनिज असतं, त्यातलं सुमारे एक चतुर्थांश या दोनच वर्षांत साठतं. विशीनंतर ही साठवण जवळजवळ थांबते आणि पुढे म्हातारपणापर्यंत त्याच पुंजीवर भागवावं लागतं. हाड कुठे भक्कम करायचं हे शरीर त्यावर पडणाऱ्या ताणावरून ठरवतं. उड्या, धावताना अचानक थांबणं, दिशा बदलणं, वजन उचलणं, असे झटके हाडाला बसले की त्या जागी भर पडते. पोहणं आणि सायकल हृदयासाठी उत्तम आहेत, पण त्यांत हाडांवर शरीराचा भार फारसा पडत नाही. म्हणून पोहणाऱ्या मुलांनीही थोड्या उड्या मारल्या पाहिजेत. दोरीवरच्या उड्यांना दोरीशिवाय दुसरं काही लागत नाही.

पण हेही झालं ‘पुढे उपयोगी पडेल’ या थाटाचं. मोठ्यांना पटतं, मुलांना नाही. आणि ते मुलांना का पटत नाही, हीच या विषयाची खरी गाठ आहे.

पौगंडावस्थेत मेंदूचा बक्षिसाला आणि आनंदाला प्रतिसाद देणारा भाग फार जागा झालेला असतो. पुढचा विचार करून स्वतःला आवरणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीपर्यंत पक्का होत राहतो. त्यात सोबत्यांचं वजन फार. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात वेगवेगळ्या वयाच्या लोकांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. मित्र शेजारी बसलेले असताना किशोरवयीन मुलांनी एकट्यापेक्षा खूपच जास्त धोके पत्करले. चोविशीपुढच्या मोठ्यांच्या खेळात मित्रांमुळे फारसा फरक पडला नाही. हा मुलांचा दोष नव्हे. घर सोडून जगात आपली जागा शोधायचं हे वय आहे, तेव्हा आपल्या बरोबरीचे काय म्हणतील याला महत्त्व येणारच. अशा मेंदूपुढे तीस वर्षांनंतरचा आजार ठेवायचा आणि समोर कुरकुरीत पाकीट ठेवायचं, तर निकाल ठरलेलाच आहे.

मग या वयाचा स्वभावच आपल्या बाजूनं वळवता येईल का? ख्रिस्तोफर ब्रायन, डेव्हिड येगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये आठवीच्या मुलांवर नेमका हाच प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांच्या एका गटाला नेहमीसारखा आरोग्याचा धडा दिला. दुसऱ्या गटाला खाद्यपदार्थ बनवणाऱ्या कंपन्यांचं काम कसं चालतं ते वाचायला दिलं: भूक नसतानाही खात राहावं म्हणून पदार्थांची चव कशी घडवली जाते, न कळत्या मुलांना जाहिरातींचं लक्ष्य कसं केलं जातं. ‘हे खाऊ नका’ असा सूर त्यात नव्हता. ‘तुम्हाला फसवलं जातं आहे, आणि बरीच मुलं आता फसायला नकार देत आहेत’ असा होता. दुसऱ्या दिवशी वेगळ्याच निमित्तानं खाऊ निवडायची वेळ आली, तेव्हा या गटानं गोड आणि पाकीटबंद खाऊ कमी निवडला. पुढे २०१९ मध्ये त्याच मंडळींनी दाखवलं, की याचा परिणाम शाळेच्या उपाहारगृहातल्या खरेदीत काही महिने टिकला आणि मुलग्यांमध्ये तो विशेष ठळक होता. त्या वेळी मुलांना जाहिरातींची चित्रं देऊन त्यांवर खोडाखोड करायला लावली होती, म्हणजे जाहिरात जे लपवते ते तिच्यावरच लिहायचं.

मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. संशोधकांनी मुलांचं बंड मोडायचा प्रयत्न केला नाही. त्या बंडाला योग्य दिशा दिली. पौगंडातल्या मुलाला दोन गोष्टी हव्या असतात, स्वतःचा निर्णय आणि न्यायाची बाजू. भाजी खाणं म्हणजे आईचं ऐकणं असेल तर ती नकोशी होते. कंपनीला न ऐकणं असेल तर त्याच भाजीत एक रुबाब येतो. घरात करता येईल असा एक साधा उद्योग आहे. आवडत्या पाकिटाची मागची बाजू मुलालाच वाचू द्या. साखर किती ग्रॅम, ती एका वेळच्या वाढणीमागे लिहिली आहे की पूर्ण पाकिटामागे, ती वाढणी इतकी लहान का दाखवली आहे. ३३० मिलिलिटरच्या कोलाच्या एका कॅनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाचे जवळजवळ नऊ चमचे. वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत आली तर आणखी चांगलं, असं जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते आहे. २००० कॅलरी खाणाऱ्यासाठी हे अनुक्रमे ५० आणि २५ ग्रॅम झाले. हे गणित मुलानं स्वतः मांडलं तर त्याचा शोध असतो. तुम्ही मांडलंत तर ते प्रवचन होतं.

‘हे तुझ्यासाठी चांगलं आहे’ हे वाक्य तर लहान मुलांच्या बाबतीतही उलटतं. मिशल मैमारान आणि आयलेट फिशबाख यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तीन ते पाच वर्षांच्या मुलांना खाण्याबद्दलची एक गोष्ट वाचून दाखवली. ‘यानं ताकद येते’ किंवा ‘यानं आकडे मोजता येतात’ असं गोष्टीत आलं, तेव्हा मुलांनी तो पदार्थ कमी खाल्ला. कामाचं आहे म्हणजे चवीचं नसणार, असा अर्थ मुलं काढतात. म्हणून मी तर म्हणेन, गाजर वाढताना ते गोड आहे, कुरकुरीत आहे, एवढंच सांगावं. जीवनसत्त्वं कुठे पळून जात नाहीत.

जबरदस्तीचंही तसंच. २००६ मध्ये अमेरिकेत एमी गॅलोवे, लीन बर्च आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांना दोन प्रकारची सुपं दिली. एका सुपाच्या वेळी ‘सूप संपव’ असं पुन्हा पुन्हा सांगितलं, दुसऱ्याच्या वेळी काहीच बोलले नाहीत. न बोललेलं सूप मुलांनी जास्त प्यायलं, आणि आग्रहाच्या सुपाबद्दल कुरकुरीही जास्त केल्या. बर्च यांच्याच आधीच्या अभ्यासात उलटी बाजू दिसली होती. एखादा पदार्थ समोर ठेवायचा पण घेऊ द्यायचा नाही, असं केलं की मुलांचं बोलणं, मागणं, लक्ष, सगळं त्याच पदार्थाभोवती फिरू लागतं. आग्रहानं नको ते वाढतं आणि बंदीनं हवं ते.

म्हणजे मोठ्यांनी हात बांधून बसायचं का? मुळीच नाही. एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञ बाईंनी कामाची एक वाटणी सुचवली आहे. काय वाढायचं, केव्हा आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. त्यातलं खायचं की नाही आणि किती, हे मुलानं. वाचायला सोपं आहे, पाळायला फार कठीण, कारण मुलानं ताटातली भाजी ठेवून दिली की आपला जीव वरखाली होतो. पण भाजी उद्या पुन्हा ताटात यायला हवी, परवाही, काही न बोलता. नव्या चवीशी ओळख व्हायला लहान मुलांना आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा ती चव घ्यावी लागते. तिसऱ्या वेळी आपण हरतो आणि म्हणतो, ‘याला हे आवडतच नाही.’

या वाटणीतलं मोठ्यांचं काम किती निर्णायक आहे, हे १९२० च्या दशकातल्या एका प्रयोगातून कळतं. क्लारा डेव्हिस या अमेरिकी बालरोगतज्ज्ञ बाईंनी नुकतंच अंगावरचं दूध सुटलेल्या १५ बाळांसमोर ३४ पदार्थांची एक यादी ठेवली. रोज त्यांतले निरनिराळे पदार्थ ताटात यायचे, आणि काय आणि किती खायचं हे बाळंच ठरवायची. दाया फक्त बोट दाखवलेलं भरवायच्या. एखादं मूल कधी सलग अंडीच खाई, कधी फळंच, पण महिन्यांचा हिशेब पाहता सगळी मुलं धष्टपुष्ट वाढली. बरेच लोक याचा अर्थ असा लावतात, की शरीराला काय हवं ते मुलांना आपोआप कळतं. डेव्हिस यांनी स्वतःच स्पष्ट केलं होतं, की खरी किल्ली पदार्थांच्या यादीत होती. त्या ३४ पदार्थांत साखर घातलेलं, कारखान्यात बनलेलं असं काहीच नव्हतं. वाईट निवड करायला वावच नव्हता.

आजच्या मुलांच्या यादीत तो वाव भरपूर आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगासाठी २० प्रौढांना चार आठवडे दवाखान्यातच ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेलं जेवण, दोन आठवडे साधं, ताज्या जिनसांपासून केलेलं. दोन्हीकडे समोर ठेवलेल्या जेवणात कॅलरी, साखर, चरबी, मीठ, तंतू यांचं प्रमाण जुळवलं होतं, आणि हवं तेवढं खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या जेवणावर माणसं दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊ लागली. दोन आठवड्यांत वजन सरासरी ०.९ किलोनं वाढलं, साध्या जेवणावर तेवढंच घटलं. असं जेवण मऊ असतं, पटापट गिळलं जातं, आणि पोट भरल्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचायच्या आत ताट रिकामं होतं. ही स्वतःच्या खाण्यापिण्याची समज असलेली मोठी माणसं होती, तरी त्यांचं हे झालं. मग आठवीतल्या मुलाला ‘तुझा मनावर ताबा नाही’ म्हणून बोल लावणं मला अन्यायाचं वाटतं.

म्हणून मुलाच्या मनाशी झगडण्याआधी स्वयंपाकघरातल्या फळ्यांकडे पाहावं. वाढत्या वयाची भूक खरी असते आणि ती शाळेतून आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत भागवायची असते. त्या पाच मिनिटांत जे हाताशी असेल ते पोटात जातं. धुऊन चिरलेलं फळ डोळ्यांसमोर असेल, उकडलेली अंडी, दही, शिजवलेली कडधान्यं, दाणे झाकून ठेवलेले असतील, तर तेच खाल्लं जातं. न धुतलेली फळं खालच्या कप्प्यात आणि बिस्किटं समोरच्या डब्यात असतील, तर बिस्किटं संपतात. बंदी घालायची गरज नाही. रोजच्या साठ्यात ते नसलं, कधीतरी बाहेर सगळ्यांनी मिळून खाल्लं, की पुरतं. आणि मुलाच्या हातात सुरी-कढई द्या. आठवड्यातलं एक जेवण पूर्ण त्याच्याकडे सोपवा, काय करायचं ते त्यानंच ठरवायचं. स्वतः शिजवलेलं मुलं सहसा टाकत नाहीत.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. पाळी सुरू झाली की दर महिन्याला लोह जातं, आणि नेमक्या त्याच वयात पुष्कळ मुली बारीक दिसण्यासाठी कमी खाऊ लागतात. सतत थकवा, जिना चढताना धाप, अभ्यासात लक्ष न लागणं, याला आळस म्हणण्याआधी रक्त तपासून घ्यावं. हिरव्या पालेभाज्या आणि कडधान्यांतलं लोह अंगी लागायला सोबत आंबट फळाचं क जीवनसत्त्व मदत करतं. जेवणाबरोबर घेतलेला चहा त्याच लोहाला अडवतो.

आता मैदानाकडे. लहानपणी दिवसभर हुंदडणारी मुलं तेराव्या-चौदाव्या वर्षी खेळ सोडतात, हे जगभर दिसतं. कारणं ऐकायची तयारी असेल तर मुलं ती सांगतात. संघ निवडताना शेवटी उरणं. ‘तुला जमणार नाही’ हे सगळ्यांसमोर ऐकणं. मुलींना नको तसे कपडे, पाळीच्या दिवसांत नीट स्वच्छतागृह नसणं, मैदानावर बघणाऱ्यांच्या नजरा. आणि एक चूक तर फार जुनी आहे: वर्गात बोललास, मैदानाला पाच फेऱ्या मार. धावणं ही शिक्षा आहे, हे आपणच मुलांना वर्षानुवर्षं शिकवतो. मग मोठेपणी कुणी सकाळी धावायला जात नाही याचं नवल वाटू नये. ही शिक्षा ताबडतोब बंद व्हायला हवी.

स्पर्धेत रमणारी मुलं कुठेही रमतील. विचार करायचा तो उरलेल्यांचा. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेत २०१२ साली मुख्याध्यापिका इलेन वायली यांनी एक साधी गोष्ट सुरू केली. रोज पंधरा मिनिटं वर्गानं बाहेर पडायचं आणि आपापल्या वेगानं धावायचं किंवा चालायचं. कपडे बदलायचे नाहीत, वेळ मोजायची नाही, पहिला-शेवटचा नाही, मैत्रिणीशी गप्पा मारत गेलं तरी चालेल. ‘डेली माइल’ या नावानं हा उपक्रम पुढे अनेक देशांतल्या शाळांनी उचलला. त्याचं बळ कशात आहे ते पाहा: हरण्याची भीती नाही, सोबत आहे, आणि रोजच्या वेळापत्रकात जागा ठरलेली आहे. किशोरवयातल्या मुलांसाठी यात निवडीची भर घालायची. नाच, चढण चढणं, स्केटिंग, कुस्ती, टेकडी, काहीही चालेल. हृदयाला त्यातला फरक कळत नाही.

फायदा सांगायचाच असेल तर आजचा सांगा. जोरात चालून किंवा खेळून आलं की त्याच तासात मन हलकं होतं, पुढचा काही वेळ लक्ष चांगलं लागतं, रात्री झोप लवकर येते. हे मुलाला स्वतःच्या अंगावर तपासता येतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी मैदान बंद करणाऱ्या पालकांनी हे जरूर करून पाहावं.

वजनाबद्दल मात्र बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘थोडी जाड झालीस’ हे प्रेमानं म्हटलेलं वाक्यही मुली वर्षानुवर्षं विसरत नाहीत. अमेरिकेत किशोरवयीन मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेणाऱ्या डायन न्यूमार्क-स्टेनर यांच्या अभ्यासात आढळलं, की डाएट करणाऱ्या मुलांचं वजन पाच वर्षांनी न करणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलेलं होतं, आणि एकदम खूप खाणं, जेवण टाळणं असे प्रकारही त्यांच्यात जास्त होते. मुलग्यांमध्ये हेच स्नायूंच्या वेडानं येतं, भुकट्या आणि तासन्‌तास जिमच्या रूपात. मूल एकदम जेवण चुकवू लागलं, सगळ्यांबरोबर बसायचं टाळू लागलं, जेवल्यावर लगेच न्हाणीघरात जाऊ लागलं, मुलीची पाळी थांबली, किंवा एक दिवस व्यायाम चुकला तर ती कासावीस होऊ लागली, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावं.

घरानं सगळं केलं तरी बाहेरच्या जगाचा जोर मोठा आहे आणि तो कायद्यानंच कमी होतो. चिलीनं २०१६ मध्ये जास्त साखर, मीठ, चरबी किंवा कॅलरी असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे सक्तीचे केले. असे पदार्थ शाळेत विकायला बंदी घातली आणि मुलांना भुलवणारी कार्टूनची चित्रं पाकिटांवरून काढायला लावली. पालक संघटना आपल्या शाळेच्या फाटकापुरतं तरी हे मागू शकतात.

राहिली झोप, जिच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. या वयात शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, झोपेचं संप्रेरक रात्री उशिरा स्रवतं. म्हणून रात्री साडेअकरापर्यंत झोप न येणं हा हट्ट नसतो. पण शाळा सकाळीच असते, आणि फोन उशाशी असला तर साडेअकराचे दीड वाजतात. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, ओढ गोड आणि तेलकट पदार्थांकडे जाते आणि मैदानात जायचं त्राण उरत नाही. वर सांगितलेल्या सगळ्यातली एकच गोष्ट आज करायची असेल, तर घरातले सगळे फोन, आई-वडिलांचेसुद्धा, रात्री दहानंतर बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावावेत आणि गजरासाठी साधं घड्याळ आणावं.